धापूकाकीची मनवार

त्या सकाळी सगळ्या ढाणीला, म्हणजे आमच्या वाळवंटातल्या लहानशा वस्तीला, धुपाचा वास आला.

थोडाथोडका नाही. देवीच्या आरतीला निखाऱ्यावर चिमूटभर गुग्गुळ टाकला की जो वास येतो तोच, पण अंगणात, गोठ्यात, ताकाच्या मडक्यात, पोरांच्या केसांत, नाक न्यावं तिकडे भरून राहिलेला. बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. एकदोघींनी सवयीने हात जोडले. ऊमाबा म्हणजे आमच्या ढाणीतला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात तिखट जिभेचा माणूस. तो बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "कुणाच्या घरी एवढी बरकत आली रे? टोपलीने गुग्गुळ जाळतायत आणि आम्हाला जेवायचं आवतण नाही?"

लोक हसले. धापूकाकी हसली नाही. तिचं घर ढाणीतलं शेवटचं, मगऱ्याच्या पायथ्याशी. शेळीची धार काढत बसली होती. तिने नाक वर केलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि भांडं तिथंच सोडून उठली. शेळीने लाथेने दूध सांडलं तरी तिने वळून बघितलं नाही. साठीला आलेली बाई घागरा दोन्ही हातांनी वर धरून, अनवाणी, मगऱ्याची चढण पळत चढायला लागली, तेव्हा मात्र ढाणीचं हसू आटलं आणि एकेक करून सगळेच तिच्या मागे निघाले.

मगरा म्हणजे कातळाचा आणि खड्यांचा लांबलचक उंचवटा. त्याच्या पलीकडच्या उतारावर गुग्गुळाचं बन होतं. बन म्हणायचं आपलं. परक्याने लांबून पाहिलं तर म्हणेल, वाळकी झुडपं आहेत. पाऊस पडला की थोडे दिवस पान धरायचं, बाकी वर्षभर मेल्याचं सोंग घेऊन उभं राहायचं, अशी त्या झाडाची रीत. पण त्याच्यावर आमच्याकडे कुणी कुऱ्हाड उचलली नाही. बाळंतिणीला धुरी त्याची, खोकणाऱ्या उंटाला धूर त्याचा, देवीला धूप त्याचा, आणि तोही आपणहून सुटलेला डिंक वेचून. सालीला चीर द्यायची नाही, कारण चीर दिलेलं झाड वाचत नाही. हे झाड आता संपत आलंय असं शिकलेले लोक म्हणतात. आमच्याकडे ते आहे, हे ढाणीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होऊ न देणं हेच धापूकाकीचं काम होतं.

ती माथ्यावर पोचली आणि उभी राहिली. मागून आलेले लोक तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले.

अर्धा उतार कोरा होता. झाड नाही, दगड नाही, चोपून सारवलेल्या अंगणासारखा सपाट. कडेला पिवळं यंत्र उभं होतं. मुळासकट उपटलेली झाडं एका लांब ढिगात लोटली होती आणि तो ढीग पेटला होता. डिंक तडतडत होता. ढाणीत ज्याला हात जोडले गेले होते, तो धूप हा होता. यंत्रांची घरघर गेले कित्येक दिवस कानावर येतच होती, पण खाली सडकेचं काम चाललंय म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

यंत्र चालवणारा माणूस सावलीत बसून डबा खात होता. परमुलखातला, गरीब स्वभावाचा. धापूकाकी धुरापाशी जाऊन उभी राहिली तसा तो म्हणाला, "माजी, मागे सरा, डोळे चुरचुरतील." मग जरा हसून म्हणाला, "पण वास काय गोड आहे हो. कसलं झाड हे?"

काकीने नुसता हात हलवला, बंद कर म्हणून.

"आता आजच्यापुरतं झालंच," तो म्हणाला. "उरलेलं उद्या-परवा उरकतो. काळजी करू नका, माजी, झाडंबिडं काही नाहीत इथं. पाहणी करून गेलेत ना तुमच्याकडे. कागदावरच आहे, इथं काही नाही."

धापूकाकी तिथंच खाली बसली. 'इथं काही नाही' हे शब्द तिचेच होते.

ते तिचे कसे, हे कळायला तिचा बाप माहीत हवा. तिचं माहेर इथून बरंच पश्चिमेला, सरहद्दीकडे. उंट पाळणाऱ्यांचं घर. चार मुलींच्या पाठीवर ही पाचवी झाली म्हणून नाव ठेवलं धापू, म्हणजे आता पुरे झालं. तुमच्याकडे नकुशी ठेवतात, तशातलंच. पण बापाचा जीव तिच्यावरच. उंटावर पुढ्यात तीच बसायची. ती लहान असताना तिथे माणसं आली माळढोक पक्षी मोजायला. बापाला कोण आनंद. आपल्या रानात एवढं मौल्यवान काही आहे आणि ते बघायला शहरातून माणसं येतात, याने तो फुलून गेला. एकेक घरटं त्याने हौसेने दाखवलं. त्यांना भाकरी घातली, उंटिणीचं दूध पाजलं. जाताना ते म्हणाले, "बाबा, पक्षी वाचला तर तुमचा मुलूख वाचेल."

मग एका सकाळी तार आली. खांब आणि तार, नजर जाईल तिथपर्यंत. पक्ष्यांसाठी रान राखलेलं आहे, कुणी आत जायचं नाही. धापूच्या बापाची विहीर तारेच्या आत आणि उंट तारेच्या बाहेर. तो माणूस ओरडला नाही, भांडला नाही. खांबाला हात लावून उभा राहिला, दुपार टळेपर्यंत. पोर त्याचं धोतर ओढत होती तरी त्याला कळलं नाही. नंतर कितीतरी वर्षं, जेवताना, चालताना, मध्येच थांबून तो एवढंच म्हणायचा, "मीच दाखवलं."

धापूने तो धडा गिरवून गिरवून पाठ केला. सरकार जे मोजतं ते नेतं. लग्न होऊन ती आमच्या ढाणीत आली ती हे शहाणपण पदरात बांधूनच. नवरा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन माळव्याकडे फिरतीवर. घर, शेळ्या आणि येणारेजाणारे अंमलदार हिच्याकडे. बघता बघता ती ढाणीचं तोंड झाली. ऊमाबा नात्याने सासरा, त्याच्यासमोर ओढणी नाकापर्यंत ओढायची, पण जीभ ओढणीच्या बाहेरच असायची. तलाठ्याने एकदा मगऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तिकडे काय उगवतं, बाई?" ही म्हणाली, "उगवायला काय, साहेब, तुमच्या आशीर्वादाने दगड उगवतात. एखादा भाजून देऊ का?" तलाठी हसला आणि मगरा पडीक म्हणून लिहून मोकळा झाला. ढाणी पोट धरून हसली. पडीक जमीन कुणालाही देता येते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात सौरऊर्जेच्या कंपनीची माणसं आली. काचांची रानं उभी करायची होती. पण काच लावण्याआधी त्या भागात कुठली दुर्मीळ झाडंझुडपं आहेत ती शोधायची, अशी त्यांना कर्ज देणाऱ्यांची अट होती. त्या कामाला आली इमरती. तिशीतली, फलोदीकडची, वनस्पतींचं मोठं शिक्षण घेतलेली, पण बोलणं आमच्यासारखं. सोबत दोन माणसं. रांग धरून, ठरलेल्या अंतराने, नाकासमोर चालायचं. खाली बघत जायचं. काही मोलाचं दिसलं की शेजारी तांबडी फीत लावून काठी रोवायची. त्यांना वाटाड्या हवा होता. ढाणीने मुद्दाम धापूकाकीला पुढे केलं.

पहिल्याच दिवशी इमरतीने तिला समजावलं. "काकी, घाबरू नका. जे सापडेल ते सुटेल. जिथं दुर्मीळ झाड, तिथं काच लागणार नाही."

"हो का, बाईसा?" काकी म्हणाली. "मग बरंच झालं की."

मनात म्हणाली, हेच बापाला सांगितलं होतं.

मग तिने अशी काही हुशारी केली की ढाणीने तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकाव्यात. काही दाखवलंच नाही तर संशय येणार. म्हणून धोऱ्यांकडे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांकडे, तिने त्यांना रोज नेलं आणि हात सैल सोडून दाखवलं. हा बघा फोग, हे झुडूप आता कुठे दिसत नाही. ही बघा वेल, हिचं नाव आम्हालाही माहीत नाही. इमरती गुडघ्यावर बसून बघायची, फोटो काढायची, लहान मुलीसारखी हरखायची. धोऱ्यावर तांबड्या फितींची जत्रा भरली. "नेऊ देत धोरा," धापूकाकी सुनेला म्हणाली. "वाळू खाऊन कुणाचं पोट भरलंय?" सून, पेंपी तिचं नाव, तिने घाबरत विचारलं, "आणि मगरा, सासूबाई?" तर म्हणाली, "मगऱ्याला मी आहे ना."

मगऱ्याचा दिवस शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना निघायचं होतं. त्या सकाळी तिघं तिच्या दारात आले, तर अंगणात खाट टाकलेली, चादर पसरलेली, आणि चुलीवर मोठं पातेलं. "एवढे दिवस माझ्या दारात येताय आणि उपाशी जाताय," काकी म्हणाली. "आज जेवल्याशिवाय पाऊल उचललंत तर मला मेलेली बघाल."

आमच्याकडे मनवार म्हणतात ती ही. पाहुण्याने नको म्हणायचं आणि घरच्याने वाढायचं. पाहुण्याने ताटावर हात धरायचा, घरच्याने तो हात बाजूला करून तूप ओतायचं. नको म्हणता म्हणता जो उठला त्याने घराचा अपमान केला, आणि जो थकेपर्यंत बसला तो घरचा झाला. परमुलखातली बाई असती तर घड्याळ बघून उठली असती. इमरती इथलीच. तिला उठता येईना.

बाजरीच्या जाड भाकरी आल्या, केर-सांगरीची भाजी आली, तुपात न्हालेला चुरमा आला. "हा घास माझ्या नावाचा," काकी म्हणाली. "हा माझ्या सुनेच्या नावाचा, तिने पहाटे उठून दळलंय. हा माझ्या मेलेल्या सासूच्या नावाचा, ती फार रागीट होती, तिला नाही म्हणू नकोस." इमरती हसत होती, हात जोडत होती, खात होती. सोबतचे दोघे ताकाचा तिसरा लोटा पिऊन भिंतीला टेकले आणि घोरायला लागले. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता, मगऱ्याचे खडे तव्यासारखे तापले होते.

ऊन कलतं झालं तेव्हा इमरती कशीबशी उठली. मगऱ्याकडे बघून म्हणाली, "काकी, तेवढं राहिलंच की. काय आहे तिकडे?"

धापूकाकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. एव्हाना ती तिला अगंतुगं करायला लागली होती. "दगड आहेत, बाई. मगऱ्यावर दगडांखेरीज काय असणार? इथं काही नाही."

"नक्की ना?"

"माझं मीठ खाल्लंस ना? मग खाणाऱ्याला मी खोटं सांगेन?"

इमरतीने मान हलवली. तेच मान हलवणं सगळ्यांना महागात पडलं. त्या संध्याकाळी ढाणीत धापूकाकीचा केवढा थाट. ऊमाबा म्हणाला, "हिला दिल्लीला पाठवा रे, सगळं सरकार तुपात बुडवून मारेल." काकी ओढणीआडून म्हणाली, "तुम्हाला नाही का मारलं, बा, इतकी वर्षं वाढून वाढून? तरी मरत नाही." असे ते दिवस होते.

आणि आता ती धुमसत्या ढिगाजवळ बसली होती, केसांत राख, पायांना खडे लागून रक्त, आणि ढाणी तिच्याकडे बघत होती की ही काहीतरी बोलेल. ती बोलेना. बाकीचे जाऊन यंत्रापुढे बसले, म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळे. पेंपीकडे इमरतीचा फोन नंबर होता. तिनेच लावला. काय बोलावं तेही पोरीला सुचेना. "बाईसा, झाडं जाळली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

इमरती दुसऱ्या दिवशी आली. गाडीतून उतरली आणि चालत चालत त्या सपाट जागेच्या मध्यावर जाऊन थांबली. ढिगातून अर्धवट जळलेलं एक खोड तिने उचललं. वरची कागदासारखी साल बोटांनी सोलली, नाकाला लावली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकी," ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही दगड म्हणालात."

"हो."

"आणि मी लिहिलं की चालून पाहिलं." ती खोड हातात धरून तशीच उभी होती. "मी चालले नव्हते. लिहिताना हात अडला होता माझा. पण तुमच्या घरचं जेवले होते, तुमच्यावर संशय घ्यायची मला लाज वाटली."

धापूकाकीने ते खोड तिच्या हातून घेऊन खाली ठेवलं.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सापडेल ते सुटेल."

"तसं सगळेच सांगतात," काकी म्हणाली. यंत्र पाहिल्यापासून 'हो'खेरीज हे तिचं पहिलंच बोलणं. आवाज चिरका झाला होता.

"पण मी खरं सांगत होते हो." इमरतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. "काकी, काचा इथं लागणारच नव्हत्या. पहिल्या नकाशात त्या धोऱ्यावर होत्या. तुम्ही मला धोऱ्यावर एवढं दाखवलंत म्हणून त्यांनी धोरा सोडला. मग एवढीच मोठी रिकामी जागा शोधली. ती ही."

हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. कळलं तेव्हा एक बाई मोठ्याने "हाय रे देवा" म्हणाली. जो धोरा काकीने उदार होऊन देऊन टाकला होता तो तिच्याच हातून वाचला होता, आणि जे जिवापाड लपवलं होतं त्याच्यावर तिनेच यंत्र आणून घातलं होतं. धापूकाकीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. त्या तोंडाचा ढाणीला केवढा अभिमान होता. एखादी शिवी, एखादं रडणं आलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती. मला वाटतं तिचा बापही असाच बघत असेल.

ऊमाबाला राहवलं नाही. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं," तो म्हणाला. पण त्याच्या बोलण्यातही जोर नव्हता.

इमरती खाली बसली, काकीच्या समोर, त्याच राखेत. "अर्धं बन अजून उभं आहे. आज मी खरं लिहून पाठवलं तर तिथं यंत्र जाणार नाही. माझी पाहणी खोटी होती हेही लिहावं लागेल. माझी नोकरी जाईल, जाऊ दे, ती जायलाच हवी. पण काकी, तुम्हाला आधीच सांगते. हे झाड एकदा नोंदलं गेलं की इथं तार येणार. शेळी आत जाणार नाही. माणूसही नाही. खाली पडलेला डिंकसुद्धा उचलता येणार नाही. हे लपवून मी तुमच्याकडून काही दाखवून घेणार नाही."

"आणि नाही लिहिलं तर?" पेंपीने विचारलं.

"तर हा माणूस परवा काम संपवून निघून जाईल."

ढाणीत एकदम गलका उठला. ऊमाबा काठी टेकत पुढे आला. "धापू, तोंड बंद ठेव. अर्धं गेलं ते गेलं. यंत्राशी आपण बघू, अडवू, भांडू. तार आली की कुणाशी भांडशील? शेळ्या कुठे नेशील? माझ्या पणतवंडाला धुरी कशाची देशील?"

धापूकाकी उठली. ओढणी खांद्यावर घसरली होती, ती ओढायचं तिला भान नव्हतं. इतक्या वर्षांत ऊमाबाने तिचा उघडा चेहरा पहिल्यांदा पाहिला आणि तो बोलायचा थांबला.

"काल सगळ्या गावाने धुरी घेतली की, बा," ती म्हणाली. "अजून पोट नाही भरलं?"

"तार येईल, धापू. तुला नाही माहीत?"

"मला नाही माहीत?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "माझ्या बापाला तार येणार हे कुणी सांगितलं नव्हतं. हिने सांगितलं. आता मी आंधळी होऊन देत नाही. बघून देते." मग इमरतीकडे वळली. "ऊठ बाई. फिती आणल्यास का?"

दोघी उरलेल्या बनात शिरल्या. काकी पुढे, इमरती मागे. मेल्याचं सोंग घेतलेल्या एकेका झाडापाशी काकी थांबायची, हात लावायची आणि पुढे जायची. इमरती तिथे काठी रोवून फीत बांधायची. खडकाच्या बेचक्यातली, ओढ्याच्या कडेची, ढाणीतल्या जुन्या बायकांनाही न माहीत असलेली झाडं काकीने दाखवली. ढाणी माथ्यावर उभी राहून बघत होती. कुणी मदतीला उतरलं नाही. एक म्हातारी मात्र हलक्या आवाजात म्हणाली, "हिने आपल्याला विकलं." त्याच बाईचं शेवटचं बाळंतपण धापूकाकीने केलं होतं, आणि धुरीही तिनेच दिली होती.

काम थांबलं. यंत्र गेलं. इमरती कुठे गेली ते नंतर कळलं नाही. पाहणीला नवीन कुणी आलं ते गृहस्थ फिती बघून, फोटो काढून परतले. ढाणीने काकीला वाळीत टाकलं असं मी म्हणणार नाही. पाणी कुणी नाकारलं नाही, लग्नाचं आवतणही आलं. पण तिची थट्टा करणं सगळ्यांनी सोडलं. ऊमाबा तिला बघून काही खवचट बोलायचा तो मान वळवून विडी शोधायला लागला. काकी पाणवठ्यावर आली की बायकांचं बोलणं थांबायचं. नवरा मेंढरं घेऊन परत आला, त्याला सगळं वाटेतच कळलं होतं. त्याने एकदाच विचारलं, "शेळ्यांचं काय करायचं?" ती म्हणाली, "कमी करू."

थंडीच्या शेवटाला खांब आले, ट्रॅक्टर भरून. तार लावणाऱ्यांच्या मुकादमाने हद्द कुठून घ्यायची विचारलं तर ढाणीतला एकही माणूस पुढे झाला नाही. सगळे आपापल्या दारात उभे राहून बघत होते, ही काय करते. धापूकाकी निघाली. मुकादमाच्या पुढे चालत तिने सगळी कड दाखवली. जिथे तो सोयीसाठी सरळ रेघ मारू बघे तिथे ती त्याला अडवून बाहेरून वळण घ्यायला लावायची. "ते टोकाचं राहिलं. नाही, त्याच्याही पलीकडून." मुकादम वैतागला होता. "माजी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात?" त्याने विचारलं. ती पुढच्या झाडाकडे चालू लागली.

असं करत ते मगरा उतरले आणि तिच्या घराच्या मागच्या बाजूला आले. मुकादम मेख ठोकायला वाकला तर ती म्हणाली, "इथं नाही. खाली, माझ्या गोठ्याला चिकटून घे."

"माजी, हे तुमचं अंगण आहे."

"ते दिसतंय मला."

"मग अंगणात तार घालू?"

गोठ्याच्या मागे काट्यांची एक लहानशी जाळी रचलेली होती, कोंबडी डालतात तशी. काकीने ती दोन्ही हातांनी उचलली. हात टोचले तरी सोडली नाही. खाली वीतभर उंचीचं गुग्गुळाचं रोप होतं. शेळ्यांच्या लेंड्यांतून कधीतरी बी आलं असेल. एवढ्या मोठ्या बनात नवं रोप म्हणून नव्हतंच. कोंब फुटला की आमची जनावरं फस्त करायची, पिढ्यान् पिढ्या, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

दारादारांत उभे असलेले लोक आता जवळ येऊन बघत होते. ऊमाबाही आला होता.

"हे आत घे," धापूकाकी मुकादमाला म्हणाली. "बाहेर ठेवू नकोस. माझ्याच शेळ्या खातील."